सळई यूटीएमच्या जॉमधून सटकते, नवे जॉ टाकूनही

“परत सटकली, ताई.”

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लॅबमध्ये गेल्या पावसाळ्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे मशीनवरच्या काकांनी दारातून नुसती मान हलवली तरी समजायचं. २५ मिमीची टीएमटी सळई, ग्रेड ५००डी. मशीन, म्हणजे सळई दोन्ही टोकांना धरून तुटेपर्यंत ओढणारं यूटीएम, १००० किलोन्यूटनचं, हायड्रॉलिक, म्हणजे कुवतीचा प्रश्नच नाही. पण भार २०० च्या वर गेला की खालच्या हेडमधून, म्हणजे सळईचं खालचं टोक धरणाऱ्या भागातून, ‘कर्रक्’ असा आवाज यायचा. पडद्यावरची रेघ खाली पडायची, पुन्हा चढायची, पुन्हा कर्रक्. आलेख नव्हे, करवतीचं पातं. कधी सळई कशीबशी तुटेपर्यंत टिकायची, कधी सरळ निसटून हातात यायची, आणि कधी तुटायची ती नेमकी जॉच्या, म्हणजे सळई धरणाऱ्या दातेरी जबड्याच्या, तोंडाशी.

ज्यांच्याकडे हेच चाललंय त्यांना उत्तर आधीच देते, कारण ते शोधायला आम्हाला अडीच महिने आणि जॉचे दोन नवे सेट लागले. दोष दात्यांत नव्हता. जॉच्या पाठीत होता.

दात्यांवर संशय जाणं साहजिक आहे. सळई धरतात ते दाते, डोळ्यांना दिसतात ते दाते, आणि झिजलेले दाते बोटालाही कळतात. आम्ही पहिला नवा सेट टाकला, दहा-बारा दिवस सगळं सुरळीत. मग परत कर्रक्. पुरवठादाराचा माणूस म्हणाला, सळई कडक असेल. रोलिंग मिलचे शेठ स्वतः येऊन मशीनपाशी उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “बेन, सळियो नथी सरकतो, तमारुं मशीन सरके छे.” राग आला, पण माणूस बरोबर होता. दुसरा सेट मागवला. तोही दोन आठवड्यांत तसाच.

आमच्याकडे कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट होतं, वर्ग १ चं, म्हणजे दाखवलेल्या भारात एक टक्क्याच्या आतली चूक. मी त्याच्या आड बरेच दिवस लपले. पण आयएस १८२८ या भारतीय मानकाप्रमाणे जे तपासतात तो भार. ग्रिपवरून नजर फिरवतात जरूर, पण ३०० किलोन्यूटनला ग्रिपची पाचर कशी वागते हे त्या कागदात कुठेच मोजलेलं नसतं.

सुगावा लागला तो रजिस्टरमधून. काका प्रत्येक सटकलेल्या नमुन्यापुढे लाल पेनाने ‘स’ लिहीत. एका दुपारी पानं उलटताना दिसलं की ‘स’ बहुतेक सोमवारी आणि मंगळवारी आहेत. बुधवारनंतर विरळ. सळईला वार कळत नाही. वार कळतो माणसांना, म्हणून शनिवारी काय होतं ते विचारलं. शनिवारी सफाई होते. अप्रेंटिस मुलगा जॉ बाहेर काढतो, रॉकेलच्या ट्रेमध्ये बुडवून घासतो, हेडच्या खोबणीत रॉकेलचा बोळा फिरवतो, हवेची गन मारतो आणि सगळं लखलखीत करून परत बसवतो. मीच त्याला शाबासकी दिली होती.

पाचर कोरडी पडली की काय होतं

कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की पाचर मारतात, तेच तत्त्व. वेज ग्रिपमधला जॉ म्हणजे पाचर. त्याची पाठ उतरती, हेडमधली खोबण तशीच उतरती. सळई ओढली गेली की ती जॉला आपल्याबरोबर अरुंद तोंडाकडे खेचते, आणि जॉ जितका सरकेल तितका तो सळईला आवळतो. म्हणजे पुढची बाजू अजिबात घसरता कामा नये आणि मागची बाजू लोण्यासारखी घसरली पाहिजे. हा उलटा संसार ज्याला समजला त्याला अर्धं निवारण समजलं.

आकड्यांत बघा. उतार १० अंशांचा धरू. पाठीला चांगलं ग्रीस आहे, घर्षणांक ०.१ आहे. ३०० किलोन्यूटन ओढीला प्रत्येक जॉ सळईवर सुमारे ५३३ किलोन्यूटनने दाबतो. आता पाठ कोरडी, किंचित गंजलेली, घर्षणांक ०.३. तोच दाब सुमारे २९८ वर येतो. उतार तोच, दाते तेच, सळई तीच, पण आवळण जवळजवळ निम्मी. हिशेब कुणालाही करता येईल: ओढीच्या निम्म्याला, उताराचा कोन आणि घर्षणाचा कोन (ज्याचा टॅन म्हणजे घर्षणांक) यांच्या बेरजेच्या टॅनने भागायचं. दात्यांच्या बाजूने बोलायचं तर पहिल्या स्थितीत दाबाच्या २८ टक्के घर्षण पुरतं, दुसऱ्या स्थितीत ५० टक्के लागतं. नवे, धारदार दाते हे ५० टक्के काही दिवस देऊ शकतात. म्हणून नवा सेट टाकला की दहा-बारा दिवस बरं वाटायचं, आणि त्या धारेवरचा पहिला पापुद्रा गेला की पुन्हा रडगाणं.

रॉकेलने आम्ही दर शनिवारी पाठीवरचं ग्रीस धुऊन काढत होतो. हवेच्या गनने खोबणीतली, सळयांवरून सुटलेली खपली उडून जात नव्हती, उलट जॉच्या मागे कोपऱ्यात जाऊन बसत होती. पावसाळ्याची दमट हवा रविवारभर उघड्या लोखंडावर काम करत होती. आठवडाभर सळयांवरचं तेल आणि काकांचं अधूनमधून ‘जरा ग्रीस लावलं’ यामुळे बुधवारपर्यंत पाठ पुन्हा सरकू लागायची.

खालच्या हेडमधूनच का, याचंही उत्तर यातच आहे. वरच्या हेडचं अरुंद तोंड खाली असतं, त्यामुळे तिथले जॉ स्वतःच्या वजनानेच पाचरीत बसतात. खालच्या हेडचं तोंड वर. तिथे जॉ हँडलने उचलून सळईला लावावे लागतात, आणि हात सैल पडला की ते मागे येतात. शिवाय ओढताना सळईची काळी खपली सुटते ती सरळ त्या उघड्या तोंडात पडते. दिवसाला चाळीस सळया तोडा आणि संध्याकाळी खालची खोबण बॅटरीने बघा.

तुटलेले तुकडे फेकू नका

निदानाचं सगळ्यात स्वस्त साधन भंगाराच्या पेटीत पडलेलं असतं. तुटलेल्या सळईचं टोक घ्या, खिडकीशी न्या, तिरक्या उजेडात धरा, दहापट भिंग असेल तर उत्तम. दात्यांचे ठसे स्वच्छ, एकेक खड्डा वेगळा, ठाशीव दिसले तर त्या टोकाने घट्ट धरलं होतं. ठशांच्या जागी लांब ओरखडे, चकाकणारे, सगळे एकाच दिशेने ओढलेले, तर तिथे सटकली. एका अंगाला खोल आणि समोरच्या अंगाला उथळ ठसे म्हणजे दोन जॉ सारखे पुढे आलेले नाहीत, किंवा सळई मधोमध नव्हती. आणि ठसे फक्त तोंडाजवळच्या इंचभरात खोल, मागे नुसता स्पर्श, हे सगळ्यात वाईट. त्याबद्दल पुढे सांगते.

सटकणं वरून आहे की खालून, हे आवाजावरून ठरवू नका. लोखंडी सांगाड्यात आवाज कुठूनही आल्यासारखा वाटतो. जॉ आवळल्यावर त्यांच्या कडेला लागून सळईवर पांढऱ्या मार्करची रेघ मारा, दोन्ही हेडला. चाचणीनंतर ज्या हेडची रेघ पुढे आली ते हेड दोषी. जागेवर राहिली तर तुम्ही ज्याला सटकणं समजताय ते कदाचित यील्डच असेल, म्हणजे सळई कायमची ताणली जायला लागते तो टप्पा.

आणि हा घोळ खरोखर होतो. यील्डलाही आलेख अडखळतो. एक्स्टेन्सोमीटर, म्हणजे सळईवरच्या ठरावीक लांबीची (गेजची) वाढ मोजणारं उपकरण, लावलेला असेल तर फरक लगेच कळतो: यील्ड होताना भार जवळपास स्थिर राहतो किंवा थोडा उतरतो, पण गेजमधली लांबी वाढतच जाते. सटकताना भार पडतो आणि गेजमधली लांबीही लवचीकपणाने किंचित मागे येते, कारण सळई ताणली जातच नसते, नुसती सरकत असते. क्रॉसहेडच्या, म्हणजे मशीनच्या हलत्या हेडच्या, हालचालीवरच आलेख काढणाऱ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. २५ मिमीच्या ५००डी सळईचा यील्ड किमान ५०० मेगापास्कल, म्हणजे ४९१ चौरस मिमीवर सुमारे २४५ किलोन्यूटन. आमची पहिली सटक २१० ते २३० च्या दरम्यान यायची. एखाद्या घाईतल्या ऑपरेटरने तिलाच यील्ड म्हणून टिपलं असतं तर मिलची चांगली सळई नापास झाली असती, आणि शेठचं ते वाक्य मग इतकं शांत नसतं.

सुरुवातीच्या पाच-दहा किलोन्यूटनला एखादी बारीक ‘टक्’ आली तर घाबरू नका. दाते रुततात, जॉ बसतात. ते चालतं.

निळ्याची परीक्षा

रॉकेल बंद केलं, पाठीला मॉलिब्डेनमचं ग्रीस लावलं, आणि ‘स’ ची संख्या एकदम घटली. पण शून्य झाली नाही, आणि जॉच्या तोंडाशी तुटणं तर तसंच राहिलं. तेव्हा आमच्या शेजारच्या टूलरूममधले एक जुने फिटर, वय सत्तरीच्या आसपास, पूर्वी बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेले, त्यांना बोलावलं. त्यांनी मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी चहा घेतला. मग म्हणाले, “निळं आहे का?”

मार्किंग ब्लू, म्हणजे दोन पृष्ठभाग कुठे टेकतात ते दाखवणारा निळा रंग. जॉच्या पाठीवर बोटाने अगदी पातळ थर फासला, जॉ खोबणीत बसवला, १६ मिमीच्या सळईवर ५० किलोन्यूटन भार दिला, सोडला, जॉ बाहेर काढला. खोबणीतल्या लायनर प्लेटवर निळा डाग पूर्ण उंचीभर उमटायला हवा होता. आमच्या प्लेटवर तो फक्त तोंडाजवळच्या तिसऱ्या हिश्श्यात होता. बाकी कोरं. म्हणजे वर्षानुवर्षं २०-२५ मिमीच्या सळया एकाच जागी दाबून दाबून लायनर मध्येच खोलगट झाला होता आणि जॉ तिथे मागे कलंडत होता. दाते सळईला सरळ भिडण्याऐवजी तोंडाशी जास्त आणि मागे कमी रुतत होते. ठसे फक्त इंचभरात का खोल होते, ते त्या निळ्या डागाने सांगितलं. तोंडाशी रुतलेला तो खोल दात म्हणजे सळईला पाडलेली खाच. ती तिथूनच तुटणार.

लायनर बदलले. जॉच्या दोन सेटच्या किमतीच्या मानाने ते किरकोळ निघाले. कुणी आधी सांगितलं असतं तर, असं वाटलं, पण जॉ विकणाऱ्याने लायनर सुचवावा ही अपेक्षा जरा जास्तच.

एक सावधगिरी. काढायला अडलेला जॉ पोलादी हातोड्याने ठोकू नका. जॉ कडक केलेला असतो, त्याची कपची उडते, आणि ती कुठे उडेल सांगता येत नाही. पितळी दांडा ठेवा, त्याच्यावर ठोका, डोळ्यांवर चष्मा घाला. भार चढलेला असताना जाळीच्या आत डोकं घालून ‘बघतो जरा’ म्हणणाऱ्याला मी आता सरळ बाहेर पाठवते, मग तो कितीही अनुभवी असो.

आमची आत्ताची पद्धत

सफाई अजून शनिवारीच होते, पण कोरडी. जॉ काढायचे, दाते तारेच्या ब्रशने, दात्यांच्या दिशेनेच घासायचे. खोबणीतली खपली व्हॅक्यूमने ओढून घ्यायची, हवेची गन नाही. पाठ आणि लायनर कोरड्या कापडाने पुसून मॉलीचा थर बोटाने लावायचा आणि नंतर कापडाने पुसून टाकल्यासारखा करायचा. चकाकी राहिली पाहिजे, गोळा दिसता कामा नये. जास्त ग्रीस म्हणजे दुसरं संकट: ते वितळून दात्यांवर येतं, खपली त्यात चिकटते, आणि तयार होते ती घासायची पेस्ट. अप्रेंटिसने एकदा उत्साहाने दात्यांनाही ग्रीस लावलं होतं. त्या दिवशीची सळई अर्ध्या भारालाच वाट काढून खाली आली.

सळईची दोन्ही टोकं पकडण्याआधी ब्रशने घासून सैल खपली आणि गंज काढतो. फक्त टोकं. गेजच्या भागाला हात लावायचा नाही, सळई जशी आली तशीच तपासायची. गॅसने कापलेलं टोक आलं तर गाठी ग्राइंडरने काढतो, नाहीतर जॉ त्या गाठीवरच टेकतो. सळई जॉच्या पूर्ण उंचीत जायला हवी. दोन-तृतीयांशाच्या खाली तर नाहीच. नमुना आखूड कापून पाठवणाऱ्या साइट इंजिनीअरला फोन करून नवा मागवा. आखूड नमुन्यावर धरून बसण्यात काहीच हशील नाही.

जॉ जोडीनेच वापरायचे. आमच्या प्रत्येक जोडीवर आता पंचने नंबर आहे, कारण एकदा १०–२५ मिमीच्या व्हीचा (सळई बसते त्या खाचेचा) एक आणि २५–४० चा दुसरा असा विजोड संसार बराच वेळ चालला होता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वाकलेली सळई असेल तर सरळ करून घ्या. जॉ तिला सरळ करतील खरं, पण त्या वाकवण्याचा ताण तुमच्या यील्डच्या आकड्यात मिसळतो.

शून्य कधी करायचं यावर लॅबोलॅबी वाद आहे. आमच्यासारख्या मशीनमध्ये आधी रॅम (तेलाच्या दाबाने वर जाणारा दट्ट्या) थोडा वर घेऊन टेबल तरंगतं करायचं, सळई वर धरायची, शून्य करायचं, मग खालचे जॉ आवळायचे. दोन्ही टोकं धरल्यावर शून्य केलं तर आवळताना सळईत जो दाब किंवा ताण आला तो पुसला जातो, आणि आकडा तेवढा खोटा निघतो.

तुटण्याच्या जागेबद्दल एक दिलासा. गेजखुणेच्या (लांबी मोजायला सळईवर मारलेल्या खुणेच्या) अगदी जवळ तुटली म्हणजे लांबीवाढ आपोआप रद्द होते असं नाही. मोजलेली लांबीवाढ ठरलेल्या किमान आकड्याइतकी किंवा जास्त आली (५००डी ला १६ टक्के), तर तुटण्याची जागा कुठेही असली तरी ती मान्य करता येते. शिवाय आम्ही सळईवर एकच गेज न मारता पूर्ण लांबीवर समान अंतराच्या खुणा मारतो. २५ मिमीला गेज १२५ मिमी, म्हणजे व्यासाच्या पाचपट. जिथे तुटेल त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणा घेता येतात.

सळईखेरीज

प्रीस्ट्रेसच्या (काँक्रीटमध्ये ताणून बसवायच्या) सात तारी केबलला सळईचे जॉ लावू नका. दात एका तारेत रुततो आणि ती तार जॉमध्येच तुटते. मध्ये अॅल्युमिनियमची पातळ पट्टी किंवा एमरीचा कापड घाला, पकड लांब ठेवा.

कोयली-नंदेसरीच्या कारखान्यांकडून आमच्याकडे डंबेलच्या आकारात कापलेले प्लास्टिकचे नमुने आणि रबराच्या पट्ट्याही येतात. तिथे रोग उलटा असतो. स्क्रूने आवळलेली ग्रिप सुरुवातीला घट्ट असते, पण रबर ताणलं की पातळ होतं, आणि पातळ झालं की ग्रिप आपोआप सैल. आणखी आवळून उपयोग नाही, कडेलाच फाटतं. हवेच्या दाबावर चालणारी ग्रिप किंवा स्वतःच आवळणारी रोलर ग्रिप लागते, जी पातळ होणाऱ्या नमुन्याचा पाठलाग करते. तोवर एमरी पेपर दुमडून नमुन्याच्या दोन्ही बाजूंना लावा, तो चालतो.

३२ मिमीच्या सळयांचं मात्र अजून पूर्ण जमलेलं नाही. तिथे भार ४८० किलोन्यूटनच्या आसपास जातो आणि महिन्यातून एकदा-दोनदा कर्रक् ऐकू येतंच. मोठ्या व्हीच्या जॉचे लायनर वेगळे असतात, ते अजून निळ्याने तपासायचे राहिलेत. काकांनी रॉकेलचा डबा मात्र स्वतःच उचलून स्वयंपाकघराच्या मोरीपाशी नेऊन ठेवलाय आणि त्यावर लाल पेनाने ‘स’ लिहिलाय.